उतरत्या वयाचा चेहरा

चेहरा आपला असतो. पण तो पाहायला मिळतो इतरांना. आपल्याला आरसा दाखवील तेवढाच, आणि तोही उलटा. म्हणूनच बहुधा आपल्या भाषेने माणसाची सारी अब्रू तोंडाच्या स्वाधीन केली असावी. तोंड दाखवायला जागा उरत नाही, तोंड काळे होते, तोंड उतरते, तोंड उजळ करून माणूस समाजात वावरू लागतो. वयाचा अभिमानही आपण डोक्यावरच मिरवतो. ‘आमचे केस काही उन्हात पांढरे झालेले नाहीत’ असे वडीलधाऱ्यांनी म्हटले की समोरच्याने गप्प बसावे, असा संकेत आहे. पण सैल पडलेल्या गालांचा किंवा हनुवटीखाली लोंबणाऱ्या कातडीचा अभिमान एकाही म्हणीत आढळत नाही. पांढऱ्या केसांना आपण अनुभवाचा दाखला मानले. उतरलेल्या चेहऱ्याला मात्र केवळ ऱ्हास मानले. प्रस्तुत लेखाचा विषय या भेदातूनच सुचला आहे.

हा प्रश्न आता मुंबई-पुण्यापुरता राहिलेला नाही. पणजी-मडगावप्रमाणे आमच्या वास्को-मुरगावातही त्वचारोगतज्ज्ञांच्या पाट्यांवर इसब-गजकर्णाच्या जोडीला चेहरा ‘घट्ट’ करण्याचे उपचार लिहिलेले दिसतात. पन्नाशीच्या आसपासची, चार पैसे गाठीला असलेली, मुले मार्गी लागलेली माणसे तिकडे वळतात. स्त्रिया उघडपणे, पुरुष थोडे चोरून. त्यांना हसणे सोपे आहे. परंतु ज्या गोष्टीला आपण हसतो तिचा विचार आपण पुरता केलेला असतोच, असे नाही. वयाने सैल झालेला चेहरा प्रयत्नपूर्वक सावरून घेणे हे योग्य की अयोग्य? योग्य असेल तर कुठपर्यंत?

नीतीचा विचार करण्याआधी वस्तुस्थिती पाहणे इष्ट. त्वचेला ताठपणा देणारे कोलॅजन आणि ताणल्यावर पूर्ववत आणणारे इलॅस्टिन या दोन तंतूंवर चेहऱ्याचा घाट अवलंबून असतो. ऐन तारुण्यातच कोलॅजनची निर्मिती हळूहळू मंदावू लागते. स्त्रियांच्या बाबतीत रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या काही वर्षांत तिचा ऱ्हास विशेष वेगाने होतो. पण दोष एकट्या कातडीचा नसतो. गालांतील चरबीच्या गाद्या आक्रसतात आणि खाली सरकतात. जबड्याचे व डोळ्यांच्या खोबणीचे हाड झिजते. दात पडले की ओठांचा आधार जातो. घराचा वासा वाकला की कौले सरकतात, तसाच हा प्रकार. वर तंबाखूचा धूर आणि सूर्य हे दोघे हातभार लावतात. अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकाने २०१२ साली एका ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचे छायाचित्र प्रसिद्ध केले होते. अठ्ठावीस वर्षे खिडकीच्या काचेतून ऊन ज्या डाव्या गालावर पडत राहिले, तो गाल उजव्याहून कितीतरी म्हातारा दिसत होता. एकाच माणसाची, एकाच वयाची दोन तोंडे! आमच्या खारीवाड्यावर मासळी निवडत बसणाऱ्या बायका आणि बंदरावर आयुष्य काढलेले कामगार पाहिले, की चेहऱ्याचे वय जन्मतारखेवर नव्हे तर कष्टांवर मोजले जाते, हे कळायला छायाचित्राची गरज उरत नाही.

आता उपाय. सर्वांत स्वस्त उपाय सर्वांत खात्रीचा आहे, आणि म्हणूनच त्याची जाहिरात सर्वांत कमी होते: उन्हापासून संरक्षण आणि धूम्रपानाचा त्याग. रोज नेमाने सूर्यरोधक मलम लावणाऱ्यांची त्वचा इतरांपेक्षा कमी म्हातारी होते, असे ऑस्ट्रेलियातील साडेचार वर्षांच्या एका अभ्यासात दिसून आले. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कुळातील ट्रेटिनॉइनसारखी मलमे. ती महिनोन्‌महिने वापरल्यास बारीक सुरकुत्यांवर गुण देतात. गरोदरपणी मात्र ती वर्ज्य. कोलॅजनयुक्त म्हणून विकली जाणारी मलमे त्वचा मऊ करतात इतकेच. त्यातला मोठा रेणू कातडीच्या आत शिरून तिथे तंतू विणील, ही आशा व्यर्थ आहे. बोटॉक्सचे नाव सर्वतोमुखी आहे. सौंदर्योपचारासाठी अमेरिकेत त्याला २००२ साली मान्यता मिळाली. परंतु ते औषध स्नायू शिथिल करते, भुवयांमधल्या आठ्या घालवते आणि तीन-चार महिन्यांत ओसरते. लोंबलेली कातडी ते वर उचलत नाही. खोल गेलेले गाल हायलुरॉनिक आम्लाच्या इंजेक्शनांनी सहा महिने ते दीड वर्ष भरलेले राहतात. पण ते द्रव्य चुकून रक्तवाहिनीत गेल्यास कातडी मरते, क्वचित दृष्टीही जाते. ध्वनिलहरींची वा विद्युतलहरींची यंत्रे त्वचेला थोडा ताण देतात. त्याचा परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात आणि तो सौम्यच असतो. विरघळणाऱ्या धाग्यांनी कातडी ओढून धरण्याचा प्रकारही असाच अल्पायुषी. आणि शेवटी शस्त्रक्रिया. नुसती कातडी न ओढता तिच्याखालचा स्नायू-आवरणाचा थर उचलून बांधायचा, ही आजची रीत त्या थराचे वर्णन १९७६ साली झाल्यानंतर रूढ झाली. तिचा परिणाम सुमारे दहा वर्षे टिकतो. पण रक्त साकळणे, व्रण राहणे, चेहऱ्याच्या नसेला इजा होणे हे धोके तिच्याबरोबर येतात, आणि धूम्रपान करणाऱ्यांत ते वाढतात.

या यादीचे सार एका वाक्यात सांगता येईल. काळाला मागे लोटणारा उपाय यात एकही नाही. आहेत ते सारे काळाकडून मुदत मागून घेणारे. हे ज्याला नीट समजले, तोच पुढचा विचार करण्यास अधिकारी झाला.

शरीर सुधारून घेणे मुळातच अनैसर्गिक, असे म्हणणाऱ्यांना आम्ही पुण्याची एक हकीकत सांगू इच्छितो. तिसऱ्या म्हैसूर युद्धात इंग्रज फौजेचे बैल हाकणारा कावसजी नावाचा इसम टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आले. पुढे पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागीर वैद्याने त्याला नवे नाक करून दिले. मेणाचा साचा घडवून, तो उलगडून कपाळावर ठेवून, त्या मापाची कातडी सोडवायची आणि भुवयांमधला देठ शाबूत ठेवून ती खाली वळवायची, अशी ती क्रिया होती. मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज शल्यवैद्यांनी ती प्रत्यक्ष पाहिली. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये तिचा वृत्तान्त चित्रासह छापून आला आणि वीस वर्षांनी कार्प्यू या शल्यवैद्याने लंडनमध्ये ती करून दाखवली. सुश्रुताच्या संहितेत गालाची कातडी घेऊन नाक जोडण्याचा विधी आहेच. तेव्हा ‘हे पाश्चात्त्यांचे खूळ’ असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला तरी उरत नाही.

पण कावसजीचे नाक वैऱ्याने कापले होते. पन्नाशीतल्या माणसाचा गाल काळाने उतरवला आहे. हे दोन्ही एकच का? सरकारने या प्रश्नाचे उत्तर देऊन टाकले आहे, आणि तेही करवसुलीच्या निमित्ताने. २००९ च्या सप्टेंबरपासून सौंदर्य-शस्त्रक्रियेवर सेवाकर लागू झाला. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा वैद्यकीय सेवांना माफी मिळाली, परंतु केशरोपण व सौंदर्य-शस्त्रक्रिया त्या माफीतून वगळल्या गेल्या. अपवाद एकच ठेवला: जन्मजात दोष, वाढीतील विकृती, इजा वा आघात यांमुळे बिघडलेली शरीराची रचना किंवा कार्य पूर्ववत करण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया. आयुष्य सरकारी नियमांच्या सहवासात घालवल्यामुळे असेल, पण आम्हांला या भेदाचे कौतुक वाटते. काळाचा घाव हा घाव नव्हे, असे सरकार म्हणते. तो सर्वांवर सारखा पडतो. म्हणून त्याची भरपाई कोणी कोणाकडे मागू नये. करापुरता हा निवाडा योग्य आहे. परंतु जे करपात्र आहे ते निंद्य आहे, असे मात्र त्यातून सिद्ध होत नाही.

पहिला आक्षेप असत्याचा. चेहऱ्याने वय लपवणे म्हणजे लबाडी, असे आमचे बरेच समवयस्क म्हणतात. आणि त्यांतले निम्मे केसांना कलप लावून म्हणतात. कवळी बसवली की आत गेलेले ओठ पुन्हा उभे राहतात. चेहरा सावरण्याचा हा सर्वांना परिचित उपाय आहे, पण त्याला आजवर कोणी खोटेपणा म्हटलेले नाही. असत्य ठरायला फसवला जाणारा कोणी तरी असावा लागतो. बालगंधर्वांनी पन्नाशी उलटल्यावरही स्त्रीभूमिका केल्या. शरीर साथ देत नव्हते हे सर्वांना दिसत होते. तरी प्रेक्षक फसले असे कोणी म्हणाले नाही, कारण रंगभूमीचा करार दोन्ही बाजूंना ठाऊक होता. आमच्या गोव्यात देवळाच्या उत्सवी नाटकांत साठीचा नट पंचविशीचा नायक होतो आणि गाव त्याला मनापासून टाळ्या देतो. लबाडी तिथे सुरू होते, जिथे समोरच्याच्या निर्णयाला वयाचा आधार हवा असतो आणि आपण तो काढून घेतो. उदाहरणार्थ, लग्न जमवताना. तिथे दोष खोट्या जन्मतारखेचा आहे, ताणलेल्या गालाचा नव्हे.

या संदर्भात आमच्या परिचयातील एका भगिनीचे म्हणणे नोंदण्याजोगे आहे. वय बावन्न, नोकरी रोज शेकडो लोकांशी बोलण्याची. तिच्या ओठांचे कोपरे आणि डोळ्यांच्या बाहेरच्या कडा वयानुसार खाली उतरल्या आहेत. ती म्हणाली, “काका, मी मजेत असते हो, पण दिवसातून चार जण विचारतात, बरं नाही का? घरी काही झालं का? संध्याकाळपर्यंत मला खरंच वाटायला लागतं, की आपल्याला काही तरी झालं आहे.” या बोलण्यावर आम्ही बराच विचार केला. सत्याचा कैवार घेऊन आपण ज्या चेहऱ्याची पाठराखण करतो, तो चेहरा इथे स्वतःच खोटे बोलत होता. मन प्रसन्न आणि मुद्रा खिन्न! अशा वेळी मुद्रा मनाच्या जवळ आणणे हे सत्याच्या विरुद्ध कसे? चेहरा हा केवळ वयाचा फलक नाही. ते बोलण्याचे साधनही आहे. साधन बिघडले तर दुरुस्तीचा अधिकार त्याच्या मालकाला आहे. पापणी इतकी उतरली की नजरेआड येते, तेव्हा हा अधिकार सर्वांनाच पटतो. ओठांच्या कोपऱ्यांबाबत तो पटायला थोडी सहानुभूती लागते, इतकेच.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे: आसक्तीचा. गीतेच्या तेराव्या अध्यायात जन्म, मृत्यू, जरा आणि व्याधी यांतील दोष पाहणे हे ज्ञानाचे लक्षण सांगितले आहे. ज्ञानेश्वरमाउलींनी तिथे वार्धक्याचे असे निष्ठुर वर्णन केले आहे, की वाचणाऱ्याचा हात आपल्याच गालाकडे जावा. त्यांचा रोख म्हाताऱ्यांवर नाही. तारुण्यातच हे पुढचे दृश्य डोळ्यांसमोर ठेवावे, असा तो इशारा आहे. आपल्या परंपरेत या प्रश्नावर दोन कथा आहेत, आणि आमच्या मते त्या शेजारी ठेवून वाचल्या पाहिजेत. एक ययातीची. पेडण्याच्या पलीकडे तेरेखोल ओलांडली की थोड्याच अंतरावर शिरोडे लागते. तिथल्या शाळेत वि. स. खांडेकरांनी १९२० ते १९३८ पर्यंत शिकवले. त्यांच्या ‘ययाति’ला १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला, त्यामुळे ही कथा मराठी घरांत अपरिचित नाही. दुसरी च्यवनाची. जराजर्जर झालेल्या या ऋषीला अश्विनीकुमारांनी तरुण केले. सरोवरातून तिघेही सारख्याच रूपाने बाहेर आले, तरी सुकन्येने आपला पती अचूक ओळखला.

महाभारताने ययातीची कथा पश्चात्तापाकडे नेली; च्यवनाला मात्र दोष दिला नाही. दोघांनाही तारुण्य परत मिळाले होते. मग भेद कशात? ययातीने आपले वार्धक्य मुलाच्या अंगावर टाकले. त्याच्या तारुण्याची किंमत पुरूने मोजली. च्यवनाने कोणाचे काही हिरावले नाही आणि वैद्यांचा मोबदलाही चुकवला; अश्विनीकुमारांना सोमपानाचा अधिकार त्याने मिळवून दिला. शिवाय रूप बदलले तरी सुकन्येला ओळख पटेल इतका तो तोच राहिला. आमच्या मते या प्रश्नाची नीती या दोन कथांत आली आहे. तारुण्य हवेसे वाटणे हा दोष नाही. त्याची किंमत कोण मोजतो आणि त्यानंतर आपण कोण उरतो, हे पाहायचे.

किंमत कोण मोजतो, हा प्रश्न घराबाहेरही लावावा लागतो. एका माणसाने सुरकुत्या काढल्या तर तो त्याचा खाजगी मामला. परंतु एका कचेरीतल्या दहांपैकी आठ जणींनी काढल्या तर उरलेल्या दोघी, काहीही न करता, एका दिवसात म्हाताऱ्या ठरतात. त्यांच्या चेहऱ्यात बदल झालेला नसतो. मापे बदललेली असतात. ही अशी शर्यत आहे, की जिच्यात सगळे धावूनही कोणी पुढे जात नाही. तिचा भार पुन्हा स्त्रियांवरच जास्त पडतो. पुरुषाच्या सुरकुत्यांत समाज कर्तृत्व वाचतो. स्त्रीच्या सुरकुत्यांत उणीव शोधतो. स्त्रीच्या मुखावर समाजाने हक्क सांगण्याचा प्रकार आपल्याकडे नवा नाही. विधवेने विद्रूप दिसावे म्हणून तिचे केशवपन करणारा हाच समाज होता. १८९० च्या सुमारास मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनीच त्या कामाला नकार दिला, ही गोष्ट अभिमानाने आठवावी अशी आहे. काल स्त्रीने कुरूप व्हावे असा आग्रह; आज तिने म्हातारे दिसू नये असा आग्रह. दोन्हींत तिला स्वतःला काय हवे, हे विचारलेले नाही. म्हणून जी स्त्री स्वतःसाठी उपचार घेते तिला हसणारा, आणि जी घेत नाही तिला ‘जरा स्वतःकडे बघ’ म्हणणारा, असे दोघेही एकाच दोषाचे धनी आहेत.

जाहिरातदारांची गोष्ट निराळी. ते भीती विकतात. आक्षेपार्ह जाहिरातींना आळा घालण्यासाठी आपल्याकडे १९५४ सालापासून औषधे व जादूचे उपाय यांविषयीचा कायदा आहे. त्याच्या यादीत अकाली वार्धक्य आणि त्वचेचा गोरेपणा यांचाही समावेश करण्याचा मसुदा केंद्र सरकारने २०२० साली प्रसिद्ध केला. वार्धक्य हा रोग आहे असे आधी पटवायचे आणि मग औषध पुढे करायचे, ही युक्ती कायद्याला कळली. ग्राहकाला कळली तर कायद्याचे काम हलके होईल.

मग या वाटेने जाऊ पाहणाऱ्याने काय करावे? आम्ही तीन प्रश्न सुचवतो. पहिला: हे मी कोणाच्या नजरेसाठी करतो आहे? उत्तर ‘माझ्या’ असेल तर पुढे जावे. ‘अमक्याने टोमणा मारला म्हणून’ असेल तर वर्षभर थांबावे. टोमणा वर्षभर टिकत नाही, शस्त्रक्रियेचा व्रण टिकतो. दुसरा: याचे पैसे कोणाच्या ताटातून येणार आहेत? सौंदर्योपचाराचा खर्च आरोग्यविमा सहसा देत नाही, आणि बरेच उपचार पुनःपुन्हा करावे लागतात. तेव्हा हिशेब एका वेळेचा नव्हे, दहा वर्षांचा मांडावा. तिसरा: परिणाम ओसरल्यावर, किंवा बिघडल्यावर, मी आरशासमोर शांत उभा राहू शकेन का? या प्रश्नाला ज्याचे उत्तर ‘नाही’ आहे, त्याचे दुखणे गालात नाही. आणि त्यावर त्वचेचा वैद्य उपाय करू शकणार नाही. या तिन्ही प्रश्नांतून जो पार पडेल, त्याने शिक्षित तज्ज्ञाकडे जावे, धोके विचारून घ्यावेत आणि कोणाला स्पष्टीकरण देत बसू नये.

आणि जे जाणार नाहीत त्यांचे काय? त्यांच्याकडेही एक काम आहे, असे आम्हांला वाटते. आम्हा निवृत्तांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. केंद्राच्या ‘जीवन प्रमाण’ योजनेत २०२१ पासून यंत्र चेहरा पाहूनच माणूस ओळखते. वर्षे गेली, गाल उतरले, तरी यंत्र म्हणते, हा तोच. जे यंत्राला साधते ते माणसाला साधायला हरकत नाही. पुढच्या पिढीला वार्धक्याचे भय वाटते याचे एक कारण हे, की तिला समाधानी वृद्ध चेहरे पुरेसे दिसत नाहीत. जाहिरातीत नाहीत, पडद्यावर नाहीत, आणि विभक्त कुटुंबांमुळे घरातही नाहीत. असा एखादा चेहरा घरात वावरत असणे हे मोठे शिक्षण आहे.

आपल्या पूर्वजांनी साठीला शांत योजली, पंचाहत्तरीला अमृतमहोत्सव, एक्याऐंशीला सहस्रचंद्रदर्शन. त्या दिवशी घरच्या सुवासिनी औक्षण करतात. वयाइतक्या ज्योती उजळून त्या उतरलेल्या चेहऱ्यासमोर ओवाळतात. इतक्या जवळून प्रकाश पडला की एकही सुरकुती लपत नाही, आणि ती लपावी असे त्या क्षणी कोणालाच वाटत नाही. ज्याला उपचार घ्यायचे त्याने खुशाल घ्यावेत. पण ज्या घरात म्हाताऱ्या तोंडासमोर दिवा धरण्याची रीत अजून जिवंत आहे, त्या घरात उपचार घेणे ही निवड राहील, सक्ती होणार नाही. ती रीत टिकवण्याचे काम मात्र घरातल्या सर्वांचे आहे.